सूचनेप्रमाणे बदल करा

'लेट द डोअर बी शट' असं म्हणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. दार उघडं राहिलं, वाऱ्याने आपटायला लागलं, की माणसं 'दार लाव' म्हणतात. इंग्रजही तेच म्हणतो. पण आपल्याकडच्या मुलांनी पिढ्यान्‌पिढ्या हे वाक्य वहीत लिहिलं, त्यावर बरोबरची खूण घेतली आणि एक गुण पदरात पाडून घेतला. 'शट द डोअर'चा पॅसिव्ह करा, असा प्रश्न होता. मीही तो गुण मिळवलेला आहे आणि पुढे शिकवायला लागल्यावर वाटलेलाही आहे.

इंग्रजीच्या पेपरात 'डू ॲज डायरेक्टेड' असा एक प्रश्न असतो, म्हणजे सूचनेप्रमाणे बदल करा. ॲक्टिव्हचं पॅसिव्ह करा, डायरेक्टचं इनडायरेक्ट करा, 'नो सूनर दॅन' घालून पुन्हा लिहा. वाक्य दुसऱ्याचं, बदलाचा हुकूम दुसऱ्याचा, उत्तर आधीच ठरलेलं. मुलाचं त्यात फक्त अक्षर. असं आठ-दहा वर्षं केल्यावर त्याच मुलाला आपण सांगतो, आता तुझ्या गावच्या जत्रेवर इंग्रजीत दीड पान लिही. तो लिहितो ते वाचून आपण कपाळाला हात लावतो आणि म्हणतो, हल्लीच्या मुलांचं व्याकरण कच्चं.

मला हे निदान पटत नाही. वर्गात ज्याला आपण व्याकरण म्हणतो त्यातलं पुष्कळसं व्याकरण नव्हेच. ते इंग्रजांच्या घरचं सोवळंओवळं आहे. आणि लिहायला बसलेल्या मुलाला ज्या व्याकरणाची खरोखर गरज पडते ते शिकवायचं राहून जातं, कारण त्यावर एका गुणाचा प्रश्न काढता येत नाही.

जत्रेच्या निबंधापासूनच बघू. मराठी माध्यमातल्या मुलाच्या इंग्रजी लिखाणातली सर्वांत नेहमीची चूक कोणती, असं कुणी विचारलं तर मी स्पेलिंग म्हणणार नाही. तो वाक्य संपवत नाही, ही ती चूक. 'माय फादर इज अ फार्मर, ही वर्क्स इन द फील्ड, वी हॅव टू बुलक्स, वन इज व्हाइट...' असं पानभर चालतं. मास्तर प्रत्येक स्वल्पविरामाभोवती लाल गोल काढतात. आता हेच मराठीत लिहून पाहा. माझे वडील शेतकरी आहेत, ते शेतात राबतात, आमच्याकडे दोन बैल आहेत, एक पांढरा आहे. कुणाला यात काही खटकतं का? खटकत नाही, कारण मराठी वाक्याचा शेवट क्रियापद सांगतं. 'आहेत' आलं, 'राबतात' आलं, की ऐकणाऱ्याला कळतं, एक गोष्ट बोलून झाली. मग पुढे टिंब द्या नाहीतर स्वल्पविराम द्या, काही अडत नाही.

कित्येक शतकं तर आपण तेही देत नव्हतो. मोडी लिहिताना आधी कागदावर आडवी रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली अक्षरं सोडत जायची. दोन शब्दांत अंतर नाही, वाक्याच्या शेवटी खूण नाही. पेशवे दफ्तरातले कागद असेच आहेत. त्याच कागदांवर मोहिमा आखल्या गेल्या, तह झाले, सावकारांची देणीघेणी चुकती झाली. 'जाणिजे', 'हे विनंती', 'बहुत काय लिहिणे' ही पदंच तिथे मजकूर संपल्याचं सांगत. मराठीला विरामचिन्हांची सवय लावली ती मेजर थॉमस कँडी यांनी. मोल्सवर्थ यांच्या जोडीने कोशाचं काम केलेल्या या गृहस्थांनी १८५० साली 'विरामचिन्हांची परिभाषा' ही पुस्तिका काढली. म्हणजे ज्या टिंबासाठी आपण आठवीतल्या पोराला रागावतो, त्या टिंबाचं मराठीतलं वय जेमतेम पावणेदोनशे वर्षं आहे.

इंग्रजीत क्रियापद मध्येच येऊन जातं. 'ही वर्क्स' एवढं ऐकल्यावर वाक्य संपलं असेल किंवा अजून दोन ओळी चालणार असेल. क्रियापदावरून पत्ता लागत नाही. शेवट कुठे आहे हे लिहिणाऱ्याने खूण करून सांगावंच लागतं. आपल्या मुलाचा कान ती खूण मागत नाही, कारण आईच्या भाषेने ती कधी मागितली नव्हती. त्याची ती चूक आळसाची नाही, ती मराठीची शिस्त आहे, चुकीच्या घरात पाळलेली. हे फळ्यावर दोन वाक्यं शेजारीशेजारी लिहून दहा मिनिटांत दाखवता येतं. शाळेच्या पुस्तकात मात्र मला ते कधी दिसलं नाही. तिथे पूर्णविरामाची व्याख्या असते: वाक्य पूर्ण झाल्यावर पूर्णविराम देतात. आणि वाक्य पूर्ण कधी होतं? पूर्णविराम येतो तेव्हा.

'अ', 'ॲन' आणि 'द'चं असंच. स्वराचा उच्चार आला की 'ॲन'. 'ॲन अंब्रेला' पण 'अ युनिव्हर्सिटी', 'ॲन अवर' पण 'अ हाउस'. हा जिभेच्या सोयीचा भाग आहे, सोपा आहे, म्हणून पेपरात तो येतो. खरी अडचण 'अ' की 'द' ही, आणि तिचं उत्तर वाक्यात नसतंच. ते वाचणाऱ्याच्या डोक्यात असतं. मी कुठल्या वस्तूबद्दल बोलतोय हे त्याला ठाऊक आहे का? असेल तर 'द'. मराठीत आर्टिकल नाही, म्हणून आपल्या मुलांना ते जमत नाही, असं सांगून आपण मोकळे होतो. पण हा फरक मराठी माणूस रोज करतो. कुणी धावत येऊन ओरडलं, "विहिरीत बैल पडलाय!" तर बैल कुणाचा ते अजून कळायचं आहे. "बैल विहिरीत पडलाय!" असं ओरडलं तर घरातली माणसं चपला न घालता पळत सुटतात, कारण तो आपला बैल आहे. पहिला बैल 'अ', दुसरा 'द'. आपण शब्द मागेपुढे सरकवून जे सांगतो ते इंग्रजीला वेगळा शब्द ठेवून सांगावं लागतं. तिला शब्द सरकवायची सोय नाही. 'रामाने रावणाला मारलं' म्हणा किंवा 'रावणाला मारलं रामाने' म्हणा, बाण कुणाला लागला याबद्दल आपल्याला शंका येत नाही, कारण 'ने' आणि 'ला' ते सांगतात. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतही असे विभक्तीचे प्रत्यय होते. ते झिजत गेले, आणि मारणारा कोण, मरणारा कोण हे नुसत्या जागेवरून ठरवायची पाळी तिच्यावर आली. बैलाची गोष्ट आर्टिकलला आणि रामाची गोष्ट शब्दक्रमाला जोडून दिली, तर मुलाला दोन्ही भाषांचं व्याकरण एकदम दिसतं. 'आय हॅव सीन हिम यस्टर्डे' हे चूक का, हेही याच वाटेने समजतं. 'मी त्याला काल पाहिलंय' हे आपल्याकडे ठीक आहे. इंग्रजीचं 'हॅव' आजशी बांधलेलं असतं आणि त्याला 'काल' चालत नाही, एवढाच फरक.

हे झालं हाडाचं व्याकरण. आता सोवळं.

वाक्याच्या शेवटी 'टू', 'विथ', 'ऑफ' असले शब्द येऊ देऊ नयेत. 'अँड' आणि 'बट'ने वाक्य सुरू करू नये. 'टू' आणि क्रियापद यांच्या मध्ये शब्द घुसवू नये. मोजता येतं तिथे 'फ्यूअर', येत नाही तिथे 'लेस'. हे नियम आपण गायत्री मंत्रासारखे शिकलो, आणि ते इंग्रजीच्या जन्मापासून आहेत असंच धरून चाललो. तसं नाही. १६७२ मध्ये कवी जॉन ड्रायडन यांनी बेन जॉन्सनच्या नाटकातली वाक्यं काढून, शेवटी आलेल्या शब्दयोगी अव्ययांवर बोट ठेवलं. पुढे त्यांनी स्वतःचाच एक जुना निबंध पुन्हा छापताना त्यातली तशी वाक्यं मोडून नव्याने लिहिली. त्यांच्या डोळ्यांसमोर लॅटिन होती आणि लॅटिनमध्ये असं होऊच शकत नाही. 'टू' आणि क्रियापद यांच्या फाटाफुटीसाठीही पुष्कळदा लॅटिनकडेच बोट दाखवतात. लॅटिनमध्ये तो एकच शब्द असतो, फोडणार कुठून? म्हणजे लेकीने सासूच्या माहेरची रीत पाळायची, असला हा प्रकार. 'लेस' आणि 'फ्यूअर'चा भेद रॉबर्ट बेकर नावाच्या लेखकाने १७७० मध्ये आपली आवड म्हणून सुचवला होता. आवडीचा कायदा कधी झाला ते इंग्रजांनाही समजलं नाही.

बिशप रॉबर्ट लाउथ यांचं १७६२ चं छोटेखानी व्याकरण या सगळ्याचं मूळ मानतात. लाउथ वाटतात तेवढे कर्मठ नव्हते. शेवटच्या अव्ययाबद्दल लिहिताना, हा प्रकार आपल्या भाषेला फार प्रिय आहे, असं त्यांनी म्हटलं, आणि ते वाक्य अव्ययानेच संपवलं. मला ही मिस्कीलपणाची खूण वाटते. पण पुढच्यांनी मिस्कीलपणा गाळला आणि नियम ठेवला. अमेरिकेत वकिली करून इंग्लंडमधल्या यॉर्कजवळ येऊन राहिलेल्या लिंडले मरे यांनी १७९५ मध्ये मुलींच्या एका शाळेसाठी व्याकरण लिहिलं. त्यात लाउथकडून घेतलेलं पुष्कळ होतं. त्या पुस्तकाच्या प्रतींवर प्रती खपल्या. व्यापारात पैसा कमावून वर येऊ पाहणाऱ्या घरांना बोलण्यालिहिण्यात खानदानी दिसायचं होतं, आणि नियमांचं पुस्तक विकत मिळत होतं. खानदान विकत मिळत नव्हतं.

हीच हवा आपल्याकडे आली. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी १८३६ मध्ये मराठीचं व्याकरण लिहिलं ते इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर. नंतरच्या काळात इंग्रजी शिकणाऱ्या मराठी घरांत तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आली, आणि १९३० च्या दशकात रेन आणि मार्टिन यांचं जाडजूड पुस्तक. यातले पर्सिव्हल रेन मुंबई इलाख्यात शिक्षण खात्यात होते. जगाला ते 'बो जेस्ट' या वाळवंटातल्या साहसाच्या कादंबरीचे लेखक म्हणून माहीत आहेत, आपल्याला व्याकरणकार म्हणून. मला पुष्कळदा वाटतं, या माणसाला वाचकाला खिळवून कसं ठेवायचं हे ठाऊक होतं. त्यांनी आपल्याला ते शिकवलं असतं तर?

सोवळ्याच्या या नियमांना खुद्द विलायतेत कितपत मान आहे? बायबलच्या १६११ च्या इंग्रजी भाषांतरातला पहिलाच अध्याय उघडा. जवळजवळ प्रत्येक ओळ 'अँड'ने सुरू होते. फाउलर यांच्या १९२६ च्या शब्दप्रयोगकोशाने शेवटच्या अव्ययाची भीती ही अंधश्रद्धा ठरवली. त्यालाही आता शंभर वर्षं होत आली. 'एव्हरीवन'नंतर 'हिज'च हवा, 'देअर' नको, हा आणखी एक नियम. चॉसरपासून जेन ऑस्टिनपर्यंत भल्याभल्यांनी एकवचनी 'दे' वापरला आहे. पण १८५० मध्ये, म्हणजे कँडींची पुस्तिका निघाली त्याच साली, लंडनच्या पार्लमेंटने कायदाच केला, की कायद्याच्या भाषेत पुल्लिंगात स्त्रीलिंगही धरावं. व्याकरणाचा म्हणून मिरवणारा नियम कायदा करून टिकवावा लागतो तेव्हा त्याच्यामागे व्याकरण नसतं, दुसरंच काही असतं. मराठीला या भानगडीत पडावं लागलं नाही. 'सगळ्यांनी आपापलं काम करावं' म्हटलं की बाई-बुवा सगळे आले.

पॅसिव्हचं प्रकरण याहून मजेचं आहे. आपण मुलांना शिकवतो, ॲक्टिव्ह म्हणजे कर्तरी, पॅसिव्ह म्हणजे कर्मणी. 'तिने चिठ्ठी लिहिली.' क्रियापद चिठ्ठीप्रमाणे चालतं, म्हणून हा कर्मणी प्रयोग. पण याचं इंग्रजी करा: 'शी रोट अ लेटर.' हा तर सरळ ॲक्टिव्ह! पॅसिव्हच्या जवळ जातं ते 'चिठ्ठी लिहिली गेली'. म्हणजे मराठी मूल दिवसभर कर्मणी बोलतं आणि तरीही पॅसिव्हशी त्याची गाठ पडलेली नसते. दोन वेगळ्या गोष्टींना आपण एकाच खुंटीवर टांगलं आणि मग मुलं गोंधळतात म्हणून त्यांनाच दोष दिला. यात एक समाधान आहे. अमेरिकेतल्या प्रत्येक कॉलेजात पूजलं जाणारं लेखनशैलीचं पुस्तक म्हणजे स्ट्रंक आणि व्हाइट यांचं 'द एलिमेंट्स ऑफ स्टाइल'. प्राध्यापक स्ट्रंक यांनी ते १९१८ मध्ये स्वतःच्या वर्गासाठी छापलं, आणि त्यांचेच विद्यार्थी ई. बी. व्हाइट यांनी १९५९ मध्ये वाढवलं. त्यात पॅसिव्ह टाळा असं बजावून दुरुस्तीसाठी चार नमुने दिले आहेत. भाषाशास्त्रज्ञ जेफ्री पुलम यांनी २००९ मध्ये दाखवून दिलं, की त्या चारपैकी तीन पॅसिव्ह नाहीतच. पॅसिव्ह टाळायला सांगणाऱ्या जॉर्ज ऑर्वेल यांच्या १९४६ च्या प्रसिद्ध निबंधाच्या पहिल्याच वाक्यात एक पॅसिव्ह निवांत बसलेला आहे.

मग पॅसिव्ह शिकवायचा नाही का? शिकवायचा, पण तो कुठे लागतो ते सांगून. 'दुधाच्या गाडीने पोराला उडवलं' आणि 'पोराला उडवलं गेलं', यांतलं कुठलं वाक्य वर्तमानपत्र लिहील, कुठलं आई म्हणेल आणि कुठलं गाडीच्या मालकाचा वकील लिहील? कर्ता लपवायची सोय म्हणून पॅसिव्ह समजला, की मुलगा तो आयुष्यभर विसरत नाही. सरकारी पत्र वाचताना तर त्याला तो पावलोपावली भेटतो: 'निर्णय घेण्यात आला आहे.' कुणी घेतला?

विरामचिन्हांबद्दल मी सोवळं म्हणणार नाही. तिथे खरोखर पैसे गुंतलेले असतात. अमेरिकेतल्या मेन राज्यात ओकहर्स्ट डेअरीच्या ट्रकचालकांनी जादा कामाच्या पैशांसाठी दावा लावला. कुठल्या कामांना जादा पैसे द्यायचे नाहीत याची यादी कायद्यात होती: डबाबंद करणे, प्रक्रिया करणे, टिकवणे, गोठवणे, सुकवणे, विकणे, साठवणे, आणि शेवटी 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन'. 'शिपमेंट'च्या पुढे स्वल्पविराम नव्हता. कंपनी म्हणाली, डिस्ट्रिब्यूशन हे यादीतलं वेगळं काम आहे. चालक म्हणाले, नाही, पाठवण्यासाठी किंवा वाटण्यासाठी केलेलं पॅकिंग हे एकच काम. आम्ही माल पोचवतो, बांधत नाही. २०१७ च्या मार्चमध्ये अपील न्यायालयाने कायदा संदिग्ध असल्याचं म्हणून चालकांच्या बाजूने कौल दिला आणि पुढच्या वर्षी ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. यातली गंमत अशी, की यादीत शेवटच्या 'किंवा'आधी स्वल्पविराम देऊ नये, असं त्या राज्याच्या कायदे लिहिणाऱ्यांच्या मार्गदर्शिकेतच सांगितलेलं होतं. सूचनेप्रमाणेच केलं होतं सगळं! नंतर विधिमंडळाने तो कायदा सुधारला आणि यादीत अर्धविराम घातले.

शेवटच्या 'आणि'आधी स्वल्पविराम द्यावा की नाही, यावर इंग्रजी जगात दोन तट आहेत. एका तटात ऑक्सफर्डचं प्रकाशनगृह आहे, दुसऱ्यात बहुतेक वर्तमानपत्रं. विद्यार्थ्याने कुठल्या तटात जावं याने काही बिघडत नाही. वाचणारा कुठे अडखळेल हे त्याला दिसतं का, एवढंच बघायचं.

शब्दांच्या बाबतीत आपली मुलं फसतात ती कोशामुळे. कोश एका मराठी शब्दापुढे चार इंग्रजी शब्द ठेवतो आणि कुणाच्या शेजारी कोण बसतं ते सांगत नाही. बोलणे, सांगणे, म्हणणे यांची घरं आपल्याला पक्की माहीत असतात. 'तो मला बोलला' यावर पुण्याची आजी आणि मुंबईचा नातू अजून भांडतात. तसंच 'से', 'टेल', 'स्पीक', 'टॉक' यांचं. 'ही सेड मी' लिहिणाऱ्या मुलाला त्या भांडणाची आठवण करून द्यावी. पैसे उसने द्या किंवा उसने घ्या, आपल्याकडे शब्द एकच, दिशा क्रियापद सांगतं. इंग्रजीत 'लेंड' आणि 'बॉरो' असे दोन. 'आय लिव्ह हिअर ओन्ली' यातला 'ओन्ली' हा आपला 'च' आहे. 'मी इथेच राहतो'मधला 'च' त्या मुलाला टाकवत नाही, आणि इंग्रजीत तो बसवायला जागा नसते. 'कझिन ब्रदर' म्हटलं की परीक्षक हसतात. मला त्यात मुलाची कीव येत नाही, इंग्रजीची येते. चुलत, मामे, आते, मावस असं चौपदरी नातं जिच्याकडे एका शब्दात कोंबलेलं, आणि तो भाऊ की बहीण हेही सांगत नाही, तिच्याशी आपल्या माणसाने जमवून घ्यावं तरी किती? 'प्रीपोन' हा शब्द आपण रुळवला आणि तो ऑक्सफर्डच्या कोशात जाऊन बसला. उद्या 'कझिन ब्रदर'ही बसेल.

मी कडक होतो ते दुसऱ्याच जागी. 'काइंडली डू द नीडफुल', 'आय बेग टू स्टेट दॅट', 'विथ ड्यू रिस्पेक्ट' हे कंपनी सरकारच्या कारकुनांचे अंगरखे इंग्रजांनी कधीच ट्रंकेत टाकले, आपण अजून घालून फिरतो. आणि 'यूज' म्हणजे गरिबाचा शब्द, 'यूटिलाइज' म्हणजे साहेबाचा, हा समज. मोठा शब्द म्हणजे चांगलं इंग्रजी असं वाटण्याचा दोष मी मुलांच्या पदरात टाकत नाही. आपणच मराठीच्या निबंधात 'सूर्य उगवला' खोडून 'सहस्ररश्मीचे आगमन झाले' लिहायला लावतो आणि त्याला अलंकारिक भाषा म्हणतो.

इथे कुणी विचारेल, आणि विचारायलाच हवं, की हे सगळं बोलणं नोकरी असलेल्या माणसाला परवडतं. तालुक्याच्या कॉलेजातल्या मुलीला मुलाखतीच्या दारात उभं राहायचं आहे. तिथे बसलेल्या साहेबाला 'लेस' आणि 'फ्यूअर'चा फरक दिसला नाही, तर तो तिचं पुढचं वाक्य ऐकणार नाही. खरं आहे. म्हणून सोवळंही शिकवावं, सोवळं म्हणूनच. कुणाच्या देवघरात जाताना आपण चपला काढतो, तेव्हा रस्त्यावर चपला घालणं पाप आहे असं मानत नाही. हा नियम अमक्या घरात पाळतात, म्हणून तिथे पाळ, एवढं सांगितलं तर मुलगी तो पाळेल आणि तिचा धीरही खचणार नाही. आज ती उलट शिकते. तिला वाटतं इंग्रजी म्हणजे पायाखाली सुरुंग पेरलेलं शेत. मग ती सगळ्यात सुरक्षित ते करते, तोंड उघडत नाही.

दुसरा आक्षेप संशोधनाचा आहे. अमेरिकेत १९६३ मध्ये रिचर्ड ब्रॅडॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवरचे अभ्यास तपासून निष्कर्ष काढला, की नुसतं व्याकरण शिकवण्याने लेखन सुधारत नाही, आणि लिहिण्याचा वेळ खाल्ल्यामुळे उलट नुकसानच होऊ शकतं. २००७ मध्ये स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांनी अनेक प्रयोग एकत्र मांडून पाहिले. व्याकरणाच्या सुट्या तासांचा परिणाम वजाबाकीत निघाला. सुटी सुटी छोटी वाक्यं जोडून एक चांगलं वाक्य करायचा सराव मात्र लेखनाला चांगला मानवला. म्हणून काहीजण म्हणतात, व्याकरण सोडूनच द्या. हे मला मान्य नाही. अमेरिकेतली मुलं घरून इंग्रजी घेऊन शाळेत येतात. 'ही गो' चूक आहे हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. महाराष्ट्राने २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी सुरू केलं, पण पहिलीतल्या पोराच्या अंगणात इंग्रजी अजून नाही. त्याला व्याकरण लागणारच. इंग्लंडमध्ये एक्सेटर विद्यापीठाच्या डेब्रा मायहिल यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लेखनाच्या ओघात, तिथल्या तिथे शिकवलेल्या व्याकरणाचा उपयोग झाला. मुळातच बरं लिहिणाऱ्या मुलांना तो अधिक झाला, हेही त्यांनी लपवलं नाही.

आता फोनमधलं सॉफ्टवेअर लाल रेघ ओढून चूक दाखवतं, पुष्कळदा दुरुस्तही करून देतं. 'डू ॲज डायरेक्टेड' यंत्राला उत्तम जमतं. ज्या प्रश्नाचं उत्तर यंत्र एका क्षणात आणि विनाचूक देतं, तो प्रश्न विचारून आपण मुलाचं काय तपासतो, याचा पेपर काढणाऱ्यांनी एकदा विचार करावा.

माझी इंग्रजीच्या शिक्षकांना एक विनंती आहे. येत्या सोमवारी एका तासाला पुस्तक मिटून ठेवा आणि फळ्यावर सहा बारीक वाक्यं लिहा. मामेबहिणीचं लग्न होतं. पाऊस आला. मांडव गळायला लागला. आचारी पळाला. आजी चुलीपुढे बसली. तीनशे माणसं जेवली. ही सहा वाक्यं इंग्रजीत करून घ्या आणि मग त्यांची दोन किंवा तीनच वाक्यं करायला सांगा. उत्तर ठरलेलं नाही. कुणी आजीपासून सुरुवात करील, कुणी पावसापासून, कुणी तीनशे माणसांपासून. चार-पाच जणांना मोठ्याने वाचायला लावा आणि प्रत्येकाला एवढंच विचारा, की टिंब इथेच का दिलंस. लाल पेन त्या दिवशी घरी ठेवा. हा प्रश्न एका गुणाचा नाही, त्यामुळे पेपरात तो येण्याची भीती नाही.